खांद्याच्या डॉक्टरांवर काकूंचा पहारा

पडदेवाल्या काकू तीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजत आल्या होत्या. माप घ्यायच्या, घरी मशीनवर पडदे शिवायच्या आणि टांगायलाही स्वतःच जायच्या. काका खाली स्टूल धरून उभे राहायचे. त्यांना उंचीची भीती. ‘आमच्यात वरचं खातं हिच्याकडे,’ असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

एकदा काकू स्टुलावरून पडल्या आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यातून त्या बऱ्याही झाल्या. पण दहा वर्षांनी तोच खांदा झिजून दुखायला लागला. मोठ्या रुग्णालयातले खांद्याचे डॉक्टर म्हणाले, “सांधा बदलून टाकू. चार महिन्यांत पडदे टांगाल.”

चार महिन्यांनी काकूंचा हात छातीच्या वर जाईना. खांद्याची गोलाई बसत गेली, बाही तिथं नुसती लोंबायला लागली. केस विंचरायचे तर मान खाली घालून डाव्या हातानं.

“नस थोडी ताणली गेलीय,” डॉक्टर म्हणाले. “येईल ताकद हळूहळू.”

वर्ष उलटलं, ताकद आली नाही. पन्नाशी उलटलेले काका आता थरथरत स्टुलावर चढायचे आणि काकू खालून ओरडायच्या, “डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!”

खरी गोष्ट कळली ती व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडून. तिनं सहज विचारलं, “काकू, ऑपरेशनच्या वेळी नसांवर लक्ष ठेवणारं यंत्र लावलं होतं का?”

“ते काय असतं?”

“हाताच्या स्नायूंत बारीक सुया टोचतात आणि त्यांच्या वायरी यंत्राला जोडतात. नसेतून संदेश नीट जातोय का ते पडद्यावर दिसत राहतं. हात जास्त ताणला गेला की रेघ खाली बसते. मग यंत्रावरचा माणूस लगेच सांगतो, थांबा, हात सैल सोडा. सगळ्यांनाच लावत नाहीत. पण तुमचा खांदा आधी उघडलेला होता, म्हणून विचारलं.”

काकूंनी रुग्णालयातून आपले सगळे कागद मागवले. भूल देणाऱ्या बाईंनी एका पानावर लिहून ठेवलं होतं: ‘जुनं ऑपरेशन असल्यामुळे नसांसाठी यंत्र लावावं असं सुचवलं. शेजारच्या थिएटरमध्ये यंत्र मोकळं आहे. जोडायला चाळीस मिनिटं लागतील म्हणून सर्जनचा नकार.’

काकूंनी ते पान तीनदा वाचलं. रडल्या नाहीत.

“चाळीस मिनिटं,” त्या काकांना म्हणाल्या. “चाळीस मिनिटं वाचवायला त्यानं माझा हात घालवला. आता बघा, मी त्याच्या किती मिनिटांचं वाटोळं करते ते.”

त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार ठोकली. पण तिथल्या तारखांची वाट बघत घरी बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. डॉक्टर मंगळवारी पेशंट तपासायचे. दर मंगळवारी नऊच्या ठोक्याला काकू त्यांच्या दारासमोरच्या खुर्चीत हजर. हात झोळीत अडकवलेला कुणी आला की शेजारी सरकायच्या.

“खांदा का? आधी कधी ऑपरेशन झालंय? मग आत गेल्यावर विचारा, नसांचं यंत्र लावणार का म्हणून. नाही म्हणाले तर माझ्याकडे बघा.” आणि उजवा हात उचलून दाखवायच्या, जेवढा उचलला जायचा तेवढा.

दोन महिन्यांत सात जणांनी डॉक्टर बदलला. काकू घरी येऊन आकडा सांगायच्या, आणि त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जायचे.

शेवटी एका मंगळवारी डॉक्टर स्वतःच बाहेर आले. “काकू, तुम्हाला नक्की काय हवंय?”

“तुमचा उजवा हात.”

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “चूक झाली माझी. मी माफी मागतो.”

“माफीनं पडदा टांगता येतो का हो?”

डॉक्टर आत निघून गेले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

त्यानंतर एक बसचालक आला. त्याचाही खांदा आधी एकदा उघडलेला. काकूंचं ऐकून तो हटूनच बसला: यंत्र लावा, नाहीतर मी चाललो. डॉक्टरांनी लावलं. ऑपरेशन अर्ध्यावर असताना रेघ बसली, यंत्रावरची बाई ओरडली, डॉक्टरांनी ताणलेला हात लगेच सैल सोडला. काही मिनिटांत रेघ पुन्हा वर आली.

पुढे काही महिन्यांनी बसचालक काकूंना शोधत त्यांच्या खुर्चीपाशी आला. “तुमच्यामुळे, काकू!” म्हणत त्यानं हात सरळ डोक्यावर नेला.

काकूंनी तोंडभर कौतुक केलं. घरी आल्यावर मात्र काकांना म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू? त्याचा हात वर गेला ना, तेव्हा माझा जळफळाट झाला. क्षणभर वाटलं, याचाही राहिला असता तर सोबत तरी झाली असती.” काकांनी काकूंच्या ताटात भात वाढला.

त्याच महिन्यात वर्तमानपत्रात डॉक्टरांचा फोटो आला: नसांची इतकी काळजी घेणारे सर्जन म्हणून. काकूंनी तो अंक टराटरा फाडायला घेतला, पण उजवा हात साथ देईना. मग तो दातांत धरून फाडला.

दीड वर्षानं परिषदेचा निकाल लागला. डॉक्टरांना लेखी ताकीद, आणि आधी उघडलेल्या खांद्याला यंत्र का लावलं नाही याचं कारण सर्जननं लिहून द्यायचं, असा रुग्णालयाला आदेश. काकांना वाटलं, सुटलो एकदाचे.

“झालं ना आता समाधान?” त्यांनी विचारलं.

“ताकीद म्हणजे कागद. हात कुठे आला माझा?” काकू चपला शोधत म्हणाल्या. “तो रिटायर होईपर्यंत बसणार मी. अजून नऊ वर्षं आहेत, चौकशी केलीय मी.”

तो मंगळवार होता. नऊला दहा मिनिटं कमी होती.