चलथाणपर्यंतचा फुकट रस्ता

उज्ज्वला महाजनने आयुष्यात कधी गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. सुरतेतल्या बमरोलीहून रिंग रोडला ती शेअर रिक्षाने जायची, मागच्या सीटवर, दोन बायांच्या मधे अंग चोरून. तरी अठ्ठ्याण्णव साली बमरोली-पांडेसऱ्यात जो कोणी कॉम्प्युटरवर गाडी पळवायचा, तो तिने बनवलेल्या रस्त्यावर पळवायचा.

ती मगनभाईंच्या ऑफिसात साड्यांच्या डिझाइनचं काम करायची. कागदावर काढलेली वेलबुट्टी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि तिचे रंग सुटे करायचे: लाल वेगळा, हिरवा वेगळा, किनारीचा वेगळा. प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी बनते, म्हणून एक ठिपका इकडचा तिकडे गेला तरी कापडाचा अख्खा ताका बाद. दिवसभर ती ठिपकेच बघायची. वडील भिकन महाजन पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये कपडा रंगवायचे. अमळनेरकडून आले ते तिथेच चिकटले. घरात रंगाचा धंदा दोन पिढ्यांचा, असं आई सुभद्राबाई हसून सांगायची.

गेम आणला तो कुंदनने. कुंदन तिच्या काकांचा मुलगा, उधन्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. ऑफिसची मशीन साफ करायला आला की एखादी सीडी घेऊन यायचा. ही परदेशी गाड्यांच्या शर्यतीची होती. जेवणाच्या सुट्टीत उज्ज्वला खेळून बघायची आणि दर वेळी गाडी ठोकायची, कारण तिचं लक्ष गाडीकडे नसायचंच. ती रस्त्याच्या कडेच्या पाट्या बघायची.

"या पाट्या म्हणजे नुसती चित्रं आहेत," ती एकदा कुंदनला म्हणाली. "आपल्यासारखीच. मोजके रंग, ठिपके."

"मग बदल की, ताई," कुंदन म्हणाला.

बदलणं इतकं सोपं नव्हतं. गेमची सगळी चित्रं एका फाइलीत गाठोड्यासारखी आवळून ठेवलेली होती. कुंदनने कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून एक छोटा प्रोग्राम शोधून काढला. तो ते गाठोडं सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. युरोपातल्या कुणा विद्यार्थ्याने तो हौसेने बनवून फुकट वाटला होता. सोबत चार ओळी इंग्रजीत लिहिल्या होत्या: वापरा, दुसऱ्यांना द्या, पण याच्या मदतीने बनवलेलं काही विकू नका. उज्ज्वलाने डिक्शनरी घेऊन त्या ओळी वाचल्या. तिला ती अट रास्त वाटली आणि त्या दिवशी तिने त्यावर फार विचारही केला नाही.

पहिल्यांदा तिने एक पाटी बदलली. परदेशी तेलाच्या जाहिरातीच्या जागी ‘सीता साडी सेंटर’. मग घरं बदलली, डाइंगची धुरांडी उभी केली. काळ्या डांबरी रस्त्याच्या कडेला गटाराचं पाणी दाखवलं. लाल, कारण त्या दिवशी मिलमध्ये लाल रंगाचा माल चालू होता. रेसच्या गाडीचा तिने ताक्यांनी लादलेला टेम्पो केला. कुंदनने आवाज घातले. शेजारच्या चिंधाभाऊंच्या टेम्पोचा हॉर्न त्याने टेपवर घेतला, तेव्हा चिंधाभाऊ नवीन शर्ट घालून आले होते. बातमी पसरली तशी लोक येऊन सांगायला लागले, आमची चहाची टपरी घाला, आमच्या चाळीचा नंबर घाला. उज्ज्वला घालत गेली. रस्ता पांडेसऱ्यातून निघून चलथाणच्या साखर कारखान्यापर्यंत गेला, आणि शेवटच्या वळणावर उसाने भरलेला ट्रक आला.

जो फ्लॉपी घेऊन येईल त्याला ती देऊन टाकायची. गेम सुरू होताना पहिल्या पडद्यावर तिने लिहिलं होतं: ‘हा रस्ता बऱ्याच जणांनी मिळून बनवला आहे. विकू नये.’

बमरोलीत भगवानभाऊंचं गेमचं दुकान होतं, जुन्या कॉम्प्युटरांचं. त्यांनीही एक फ्लॉपी नेली. थोड्याच दिवसांत दुकानाबाहेर पोरांच्या सायकली मावेनाशा झाल्या.

कुंदनच्या डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं. एका रविवारी तो घरी जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "ताई, भगवानभाऊ अर्ध्या तासाचे पैसे घेतात. आपल्या रस्त्यावर. आपण मात्र कोरडे. सीडी काढू आणि विकू."

"ती अट वाचली होतीस ना?"

"तो बसलाय तिकडे बर्फात. त्याला काय कळणार आहे?"

"त्याला कळो न कळो, आपण त्याचा प्रोग्राम वापरला. आणि हॉर्न चिंधाभाऊंचा, टपऱ्या दुसऱ्यांच्या. पैसे आले तर कुणाचे म्हणायचे?"

"ठिपके कुणी मांडले?" कुंदन म्हणाला. "मान दुखते म्हणून रोज बाम कोण लावतं?"

उज्ज्वलाला वाटलं, वडील तिची बाजू घेतील. उसना आणलेला चमचासुद्धा परत जाईपर्यंत भिकनभाऊंना चैन पडत नसे. पण त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मजुरी का सोडायची, असं आपल्या अहिराणीत तिलाच विचारलं.

"काम कयं ना तू? मंग मजुरी काब्र नही लेवानी?"

"आबा, ते हौसेचं काम आहे."

"हौस तुनी. पण आमना खात्यामा एक जण फुकट थांबे, जास्तीनं काम करे, शेठले खूश कराकरता. मंग शेठ आम्हले म्हने, तो फुकट करस, तुम्हले काब्र पैसा? फुकट काम करणारा चांगला ऱ्हास, पोरी. पण त्याना मुळे बाकीना मरतस."

पुढे कित्येक दिवस हे बोलणं तिच्या डोक्यात घोळत राहिलं, आणि त्याचीच चिडचिड होत राहिली. अटही खरी होती, आबांचं म्हणणंही खरं होतं. दोन्ही खरं असताना नेमकं वागायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

शेवटी तिने त्या विद्यार्थ्यालाच, प्रोग्रामसोबत दिलेल्या त्याच्या ई-मेलवर, विचारायचं ठरवलं. अठवा लाइन्सला नुकतंच इंटरनेटचं दुकान निघालं होतं. कुंदनने ई-मेल उघडून दिला, तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलं. आम्ही सुरतेत राहतो, तुमच्या प्रोग्रामवर आम्ही असा असा रस्ता केला, विकायची परवानगी द्याल का. आठवडाभराने उत्तर आलं. मुलगा सभ्य होता. रस्त्याची फार स्तुती केली होती, चित्रं पाठवा म्हणाला होता. पुढे लिहिलं होतं की माझा प्रोग्रामही दुसऱ्यांनी फुकट दिलेल्या माहितीवर उभा आहे, म्हणून मी कुणालाच परवानगी देत नाही. आणि शेवटी: अर्थात कुणी विकलंच तर मी थांबवू शकत नाही.

"बघ," कुंदन म्हणाला. "थांबवू शकत नाही म्हणतो."

"परवानगी देत नाही, असंही म्हणतो."

"म्हणजे जो विचारतो त्याला मनाई. न विचारणाऱ्याला मोकळं रान."

उज्ज्वला उठली आणि बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिली. कुंदनचं म्हणणं चुकीचं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर भगवानभाऊंच्या दुकानात सीडी लटकल्या. रंगीत कागदावर तिचाच टेम्पो, वर मोठ्या अक्षरांत ‘भगवान गेम्स की पेशकश’. ऑफिसातून येताना तिला त्या दिसल्या आणि ती तशीच आत शिरली. भगवानभाऊंनी एक मशीन चालू करून दाखवलं. पहिल्या पडद्यावरची तिची ओळ पुसलेली होती. तिथे दुकानाचा पत्ता होता.

"भाऊ, हे विकायचं नव्हतं. मी लिहिलं होतं."

"सीडीसाठी माझ्याकडे आलं त्यात काही लिहिलेलं नव्हतं, बेन," भगवानभाऊ शांतपणे म्हणाले. ते मूळचे साक्रीचे, पण गिऱ्हाइकाशी बोलताना अर्धे गुजराती व्हायचे. "आणि मी काय लुटलं? सीडी माझी, कागद माझा, छपाई माझी."

"रस्ता माझा आहे."

"रस्ता तुझा. आणि गेम?" त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तो परदेशातल्या कंपनीचा ना? तू दुकानात जाऊन विकत आणला होतास? पावती आहे?"

कुंदनने आणलेली सीडी कुठून आली होती, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. सुरतेत कुणीच विचारत नव्हतं.

"मग," भगवानभाऊ म्हणाले, "तूही उचललंस, मीही उचललं. तुला दुकान नाही, मला आहे. चहा घेतेस?"

तिने चहा घेतला नाही. रस्त्याने चालताना तिला बोलायला हवं होतं ते सगळं आठवत गेलं. की मी उचललं त्यात भर घालून परत सगळ्यांना दिलं. की तुम्ही एक ठिपकासुद्धा बदलला नाही, बदलली ती फक्त माझी ओळ. पण हे दुकानात सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी भगवानभाऊंनी चहाच विचारला असता.

खरा मनस्ताप पुढे आला. बऱ्याच मशीनवर तो गेम चलथाणच्या वळणावर अडकायचा. उसाचा ट्रक दिसला की पडदा थिजायचा आणि कॉम्प्युटर बंद करावा लागायचा. फुकट नेलं होतं तोवर कुणी तक्रार केली नव्हती. अडकलं की हसून परत पहिल्यापासून खेळायचे. आता लोकांनी पैसे मोजले होते. भगवानभाऊंनी प्रत्येकाला सांगितलं, बनवणारी रिंग रोडला मगनभाईंच्या ऑफिसात बसते. लोक तिथे यायला लागले. एक बाप आपल्या पोराला घेऊन आला आणि माल घ्यायला आलेल्या पार्टीसमोर, साडीचे नमुने पसरलेले असताना, मोठ्या आवाजात बोलला. फसवणूक म्हणाला.

तो गेल्यावर मगनभाईंनी तिला आत बोलावलं. "उज्ज्वलाबेन, आ बधुं शुं छे, काय चाललंय हे सगळं? जेवणाच्या सुट्टीत तू खेळतेस, मी काही बोललो नाही. पण माझ्या ऑफिसात लोक तुझ्या नावाने भांडायला येतात. इथे साड्यांचा धंदा आहे."

"मी एक पैसा घेतलेला नाही, मगनभाई."

"तेच तर समजत नाही," मगनभाई म्हणाले. "पैसा घेतला असता तर शिव्या खाल्ल्या ते ठीक होतं. तू शिव्या फुकट खातेस."

त्यांनी कॉम्प्युटरवरचा गेम काढून टाकायला लावला. तिने त्यांच्या समोरच काढला.

संध्याकाळी कुंदन घरी आला आणि ट्रकची फाइल दुरुस्त करून दे म्हणाला. त्याचा घाईचा सूर ऐकून उज्ज्वलाच्या लक्षात आलं की त्या सीडींत याचाही हात आहे.

"भगवानभाऊंना सीडीसाठी कुणी दिलं? माझी ओळ पुसून?"

"ओळ पुसल्याशिवाय ते घेत नव्हते. मी एकदा विचारलं होतं, ताई. तू नाही म्हणालीस. आवाज माझे होते ना त्यात? अर्धं माझं होतं."

"अर्धं तुझं होतं तर अर्धंच विकायचंस. नुसते हॉर्न."

"चेष्टा करू नकोस. दुकान टाकायचंय मला. जन्मभर दुसऱ्यांचे कीबोर्ड पुसू?"

सुभद्राबाई दारात गहू निवडत होती. "पोर दिनभर डोया फोडी राहिनी, नि नाव दुसराना," ती सुपाकडेच बघत म्हणाली. कुंदनला म्हणाली की उज्ज्वलाला, ते कळलं नाही.

उज्ज्वलाने ट्रक दुरुस्त केला. पुढच्या रविवारी कुंदन कामाला होता त्याच दुकानातल्या मशीनवर बसून, त्याच्याशी अवाक्षर न बोलता. चूक तिची होती: ट्रकचं चित्र गेमला पेलेल त्याहून मोठं झालं होतं, कारण उसाची कांडी न् कांडी दिसावी असा तिचा हट्ट होता. तिने कांड्या कमी केल्या. ट्रक आता हिरव्या ढिगासारखा दिसायला लागला, पण पुढे सरकला. पहिल्या पडद्यावर तिने आपली ओळ पुन्हा घातली आणि जो येईल त्याला दुरुस्त केलेला रस्ता द्यायला सुरुवात केली. चिंधाभाऊंनीही एक फ्लॉपी नेली आणि तिच्या प्रती करून बाहेर जो विचारेल त्याला वाटल्या.

महिन्याच्या आत भगवानभाऊंच्या दुकानात नवी सीडी आली. ‘अब बिना अटके’ असं वर छापलं होतं. ओळ पुन्हा पुसलेली होती. या वेळी कुणी पुसली, हे उज्ज्वलाने शोधलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुसरे गेम आले आणि टेम्पो कुणाच्या लक्षात राहिला नाही. कुंदनने उधन्याला दुकान टाकलं. उद्घाटनाला ती गेली, पेढा खाल्ला, काकूंच्या पाया पडली. कुंदनशी ती बोलते, लग्नकार्यात त्याच्या शेजारी बसते. तो विषय मात्र दोघंही काढत नाहीत. मगनभाईंकडे तिने एक बदल करून घेतला. आपण स्वतः काढलेल्या किनारीची मजुरी ती वेगळी मागायला लागली. मगनभाई कुरकुरले, पण द्यायला लागले. त्या दिवशी आबा जेवताना खूश दिसले. ती नव्हती.

मग ऑफिसात वृषाली नावाची नवीन मुलगी कामाला लागली, हुशार, सगळ्यात बोट घालणारी. कुठून तरी तिने त्या रस्त्याबद्दल ऐकलं होतं. तिला एका क्रिकेटच्या गेममध्ये आपल्या गल्लीतली मुलं घालायची होती. उज्ज्वलाने तिला गाठोडं कसं सोडायचं, रंग कसे मोजके ठेवायचे, सगळं नीट दाखवलं.

"ताई, झाल्यावर याचे पैसे घ्यायचे का?" वृषालीने विचारलं.

"मी नव्हते घेतले," उज्ज्वला म्हणाली. "घेतले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. त्याबद्दल मला विचारू नकोस."

आणि तिने वृषालीची खुर्ची जरा बाजूला सरकवून, अर्धवट राहिलेल्या साडीतला हिरवा सुटा करायला घेतला.