काजाचे दोन टाके

त्या सकाळी ओसरीवर चौघंच होतो — मी, माहा पोरगा देवराम, सून शेवंता अन तिचा भाऊ किसना. पाचवं कोनी नाई. मी काय केलं, हे त्या तिघायलेही मालूम नाई. आज पहिल्यांदा सांगून राहिली.

लाखनीच्या रोडवर टरकनं देवरामच्या गाडीले उडवलं. डोक्याले मार लागला. जीव वाचला, पन — कसं सांगू — पोरगा पुन्हा लहान झाला. हात आयकेच नाई. मी भरवो, आंग धुवो, केसाले तेल लावो. चाळीशीचा मानूस, पन मान तशीच पुढं करे, जशी शाळेत जाताना करे. ते दिवस आठवले का अजून गोड वाटते. मायले असं वाटावं का?

डाक्टरनं सांगतलं होतं, सारं त्याले सोताच करू द्या. शेवंता तसंच करे. एका बटनाले अर्धा घंटा लागे, तरी हात लावे नाई. मी सरकली का म्हने, "लावतेत ते, आत्याबाई. तुमी बसा." अन खरंच — धानाचा रोवना सरता सरता तो पाचही बटनं लावू लागला. पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपायच्या, पेंड्याही बांधे.

मंग तिनं ठरवलं, भंडाऱ्याले खोली घ्याची, रोज दवाखान्यात हाताच्या व्यायामाले न्याचं. दोघंच राह्याचं. किसना पाहाले येनार होता — भाऊजी आपलं आपन करतेत का. करत असन त खोली. नाईत नाई.

मंग माह्यापाशी काय राह्यलं असतं?

मी सुई घेतली. त्याच्या धुतलेल्या सदऱ्याच्या वरच्या दोन काजाले एक-एक टाका घातला, बटन जाऊ नाई असा. पांढऱ्यावर पांढरा धागा.

त्या सकाळी किसना हासत म्हने, "सदरा घाला भाऊजी, भंडाऱ्याले काय बनेनवर येता?" देवरामही हासला. लागला लावाले. बटन निसटे, तो पुन्हा धरे. घाम आला. मंग थांबला अन आपल्या बोटायकडं पाहातच राहिला.

"काल त लावले होते," शेवंता म्हने.

मी म्हनली, "एखांद्या दिवशीच लागते."

खोली घ्याचं राह्यलं. दुपारी टाके मीच उसवले. पन देवरामनं बटनाचा कपडा पुन्हा घातला नाई. पेंडी बांध म्हनलं त म्हनते, "मले नाई जमत, माय."

मी तिसरी शिकली, म्हनून लिहिता आलं. त्याच्यापुढं तोंड उघडत नाई. हे वाचान, त देवरामले सांगा — त्या दिवशी तुह्या बोटायची चूक नव्हती.