साडेचार हजार मैल

कर्जतच्या पोस्टातले तारबाबू बोलायचेही तारेतल्यासारखं, मोजकंच. स्वातंत्र्यानंतर लगेच दादा शिकायला मुंबईहून विमानाने लंडनला निघाला, तेव्हा आईने त्यांना अंतर विचारलं.

"साडेचार हजार मैल, वहिनी. एक दिवस लागेल."

दादा पोचल्याचं कळेपर्यंत आई जेवणार नव्हती. दुसऱ्या दिवशी तारबाबू तीनदा आमच्या दारात आले. खिशातलं घड्याळ काढून म्हणायचे, "आता कैरो सोडलं असेल," आणि लगेच परतायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला न पाठवता ते स्वतःच तार घेऊन धावत आले. "पोचला, वहिनी!"

आईने डोळे पुसले आणि आधी त्यांचं पान वाढलं.

"बसा. तुम्हीही उपाशीच आहात ना?"

ते लाजले आणि पाटावर बसले.