पंख्याची चाकोरी

लेखन हा माझा प्रांत नव्हे. नोकरीभर इतरांचे निबंध तपासले, स्वतःचा एकही लिहिला नाही. आता उतारवयात हे धाडस करीत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. विषयही मोठा नाही. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता, आणि ते मीच लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही, एवढेच निमित्त.

दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची ही हकीकत. निजामाच्या राजवटीत मी पूर्णेला मुदर्रिस, म्हणजे शाळामास्तर होतो. शाळेचे माध्यम उर्दू. मी इंग्रजी शिकवीत असे. माझ्या शेजारी रेल्वेच्या इंजिनशेडमधले एक फिटर राहत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींनी मुंबईच्या भंगारबाजारातून विमानाचे एक जुने इंजिन आणले होते आणि त्याच्यासाठी दोन वर्षे खपून लाकडाचे व कापडाचे विमान बांधले होते. त्या इंजिनाची रीत उलटी होती. धुरा जागच्या जागी स्थिर असे आणि नऊ सिलिंडरांचे सबंध चक्र पुढच्या पंख्यासह गरगर फिरे. वंगण म्हणून एरंडेल लागे, आणि ते फवाऱ्यासारखे बाहेर उडे. स्टेशनातली माणसे म्हणत, मिस्त्रींच्या विमानाला जुलाब झालेत.

बांधणीची सारी माहिती एका इंग्रजी मासिकात होती. मिस्त्रींना इंग्रजी येत नसे. मी वाचून अर्थ सांगे आणि ते काम करीत.

एका पडीक साइडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांवर, ट्रॉलीला विमान जखडून ते इंजिन चालवून पाहत. इंजिनाने वेग घेतला की सबंध सांगाडा थरथरू लागे. शेपटीवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी बाहेर सांडे. मासिकात दोष शोधण्याचा क्रम दिला होता. प्रथम इंजिन थोडे चालवून थांबवायचे आणि प्रत्येक सिलिंडरवर पाण्याचे थेंब टाकायचे. जे थंड, ते पेटत नाही. नऊही सिलिंडर चरचरले. मग पंखा काढून, त्याच्या मधल्या छिद्रातून सळई घालून ती दोन सपाट पट्ट्यांवर ठेवायची. पंखा कसाही ठेवला तरी तिथेच थांबला, म्हणजे तोलही ठीक होता. तिसऱ्या सूचनेत ‘ट्रॅक’ तपासावा असे होते.

पूर्णा हे जंक्शन. तिथे ट्रॅक म्हणजे रूळ, हे शेंबडे पोरही सांगेल. मीही तसेच सांगितले. मिस्त्रींनी रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला गळ घातली. आठ दिवस त्याची माणसे आपले काम संपवून त्या साइडिंगवर खडी ठोकीत होती. रूळ आरशासारखे सपाट झाले. थरथर तशीच राहिली.

तेव्हा मिस्त्रींनी आपला निष्कर्ष काढला. गुरुवारी सकाळी शाळेला निघताना मला म्हणाले, “गुरुजी, बाकी समदं तपासलं, दोष पटरीचाच हाय. वर काय पटरी हाय का? मंग हादरा ऱ्हाईल कशाचा? उद्या जुम्म्याची सुट्टी. माळावर नेऊन उडवतो.”

हादरणारा पंखा इंजिनाला बैठकीतून उपटून काढतो, हे वाक्यही मीच त्यांना वाचून दाखविले होते. परंतु हादऱ्याचे दुसरे कारण माझ्यापाशी नव्हते. मी मान हलवून शाळेत गेलो.

दुपारी परतताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. काळ्या मातीत पहिल्या गाडीने पाडलेल्या चाकोरीतून मागच्या सर्व गाड्यांची चाके अचूक जात होती. मी थबकलो. ट्रॅक म्हणजे मागही होतो. घरी येऊन मासिक उघडले. तो शब्द तिथे पंख्याविषयी होता. पंख्याचे एक पाते ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने दुसऱ्याने गेले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

साइडिंगवर पोचलो तेव्हा विमान बैलगाडीवर चढवण्याची तयारी चालली होती. मुकादम आणि त्याची माणसेही होती. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि मनात जुळवलेले कबुलीचे वाक्य मी ऐनवेळी बदलले. मी म्हणालो, “मासिकात छपाईची चूक होती. खरा मजकूर वेगळा आहे. पंख्याची दोन्ही पाती एकाच वाटेने गेली पाहिजेत.”

मुकादम हसला. “आठ रोज माझी मानसं खडी ठोकायलीत, अन् चूक गोऱ्याच्या छापखान्याची! त्याला पाठवा की इकडं घमेलं उचलाया.”

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पात्याच्या टोकाजवळ जमिनीत एक खुंटी ठोकली आणि पंखा हाताने फिरवला. पहिले पाते खुंटीला घासून गेले, दुसरे चार बोटे दूर राहिले. पंखा पावसाळ्यात कोरला होता. हिवाळ्यात लाकूड आकसून बोल्ट एका बाजूला सैल झाले होते. माझ्या वहीचे जाड पुठ्ठे कापून त्या बाजूने पंख्यामागे सारले आणि बोल्ट सारखे आवळले. इंजिन पुन्हा चालवले. पेल्यातले पाणी शहारत होते, पण सांडले नाही. मिस्त्री म्हणाले, राहिलेली थरथर इंजिनाची आपली असेल.

शुक्रवारी ते माळावर बाभळीच्या उंचीएवढे उडाले, थोडे अंतर गेले आणि खाली उतरले. उतरताना एक चाक मोडले. त्यांना खरचटलेसुद्धा नाही. पुढे युद्ध सुरू झाले आणि पेट्रोल मिळेनासे झाले. मिस्त्रींची परभणीला बदली झाली. मुकादम मात्र पुष्कळ वर्षे मला भेटला की त्या छापखान्याला शिव्या घाली, आणि मी ऐकून घेई.

त्या दुपारी भीड आडवी आली, हे खरे आहे. पण दुसरा विचारही सुटत नाही. अर्थ मीच चुकलो होतो असे कबूल केले असते, तर माझ्या दुसऱ्या अर्थावर मिस्त्रींनी विश्वास ठेवला असता का?