तिसरी चक्कर

मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या मधे चिंचशेत नावाचं लहानसं स्टेशन आहे. सकाळी आठला तिथं दोन पॅसेंजर गाड्या एकमेकींना ओलांडतात. एक गाडी गाव उचलून अकोल्याला नेते. हमाल, दुकानातले नोकर, दवाखान्यातल्या आया, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या बाया, सगळे अपडाऊनवाले. दुसरी गाडी अकोल्याहून येते आणि खुशालराव गावंडे सरांना उतरवून पुढं जाते. म्हणजे गाव जेव्हा गावात नसतं, नेमके तेव्हा सर गावात असतात. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा तीच अदलाबदल. बावीस वर्षं हे चाललं आहे आणि यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नव्हतं, सरांना तर मुळीच नाही. शिक्षकानं शाळेच्या गावी राहावं असा नियम आहे म्हणतात. तो किती जण पाळतात हे विचारू नये.

सर मूळचे अंजनगाव सुर्जीचे, घर अकोल्यात, नोकरी चिंचशेतच्या शाळेत. चौदा वर्षांपासून ते गावाचे बीएलओही आहेत, म्हणजे मतदारयादी तेच सांभाळतात. नवं नाव घालायचं, मेलेल्याचं काढायचं, गाव सोडून गेलेल्याचं काढायचं. बाकीचे मास्तर या कामाच्या नावानं बोटं मोडतात. सरांनी ते हौसेनं घेतलं, कारण निवडणूक हा सरांचा नादच होता.

नाद म्हणजे कसा, तर लोकसभेची कोणतीही निवडणूक सांगा, चिंचशेतनं कुणाला किती मतं दिली ते सर आकड्यांसकट सांगणार. सुरुवात बैलजोडीच्या काळापासून. सत्याहत्तरात सगळा देश उलटला तरी आपला पट्टा गाय-वासराला कसा चिकटून राहिला, एकोणनव्वदात वारं कसं फिरलं, अठ्ठ्याण्णवात ते पुन्हा कसं फिरलं, तिहेरी लढतीत मतं कुठं आणि कशी फुटली. एवढं झालं की सर आवाज बारीक करून आपला सिद्धांत मांडत. हा मतदारसंघ पुढारी चालवत नाहीत, रेल्वेचं टाइमटेबल चालवतं. अपडाऊनवाला पहिल्या तासात मत टाकतो, कारण गाडी चुकली की रोजी बुडते. सात ते आठ रांगेत कोण उभं आहे ते पाहा, निकाल कळतो. दोनदा हे खरंही ठरलं होतं, त्यामुळं मनोजच्या चहाच्या टपरीवर पुढारीसुद्धा सरांना खुर्ची देत. "सराले गाव तोंडपाठ हाये," मनोज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सर नको नको म्हणत आणि खुर्चीवर बसत.

खरं म्हणजे सरांना गाव नाही, यादी तोंडपाठ होती.

सकाळी फलाटावर एक म्हातारी रोज भेटायची. डोक्यावर टोपली, टोपलीत अंबाडी, चवळीच्या शेंगा, कधी दोनचार पपया. गाडीत चढायच्या धांदलीतही ती हाक मारायची, "आले का मास्तर?" सर म्हणत, "आलो, माय." बारा-तेरा वर्षं एवढंच बोलणं. तिचं नाव काय, घर कुठं, हे सरांनी कधी विचारलं नाही. पाटीलपुऱ्यातली कुणी असती तर पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, हेही खरं. पुढं सरांना ते स्वतःशी कबूल करावं लागलं.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी, ऑगस्टात, घरोघर जाऊन यादी तपासायचा हुकूम आला. घर बंद दिसलं तर तीनदा जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, मगच ‘स्थलांतरित’ लिहायचं. भीमनगर गावाच्या पार मागच्या टोकाला, नाल्यापलीकडं. सर मधल्या सुट्टीत एकच्या सुमाराला गेले. सहा दारांना कुलुपं. चार दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा एक वाजताच, पुन्हा कुलुपं. अहो, एक वाजता तिथं सापडणार कोण? सगळे अकोल्यात राबत होते. टाइमटेबलावर सिद्धांत सांगणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये, याला काय म्हणावं! तिसऱ्या खेपेला रात्रभर पाऊस पडून गेला होता. नाल्याकाठच्या काळ्या मातीत वीस पावलांवर सरांची चप्पल रुतली. ती दोन्ही हातांनी उपटून सर तिथूनच माघारी फिरले.

शाळेत येऊन पाय धुतले, पंख्याखाली बसले आणि तिसऱ्या चकरेची तारीख टाकून मोकळे झाले. ‘शेजाऱ्यांकडे चौकशी केली’ या रकान्यात बरोबरची खूण केली. सहा घरं, अकरा नावं, स्थलांतरित. त्यात एक नाव तायडे केशरबाई कचरूजी, वय अठ्ठ्याहत्तर. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. तो फळा कुणी वाचत नाही. सरांचं काम तालुक्यात सगळ्यात आधी पूर्ण झालं.

मग आला एप्रिलचा शेवटचा शुक्रवार, लोकसभेच्या मतदानाचा दिवस. केंद्र शाळेतच. सर आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते. फाटकाजवळ टेबल टाकून, यादी उघडून बसले. पावणेसातलाच रांग लागली आणि रांगेत पहिली फलाटावरची म्हातारी. आज टोपली नव्हती. पांढरं धुवट लुगडं, डोक्यावर पदर, शेजारी एकोणीस वर्षांची नात ज्योत्स्ना. पोरीचे आईबाप लवकर गेले, आजीनंच वाढवली. आता ती अकोल्यात नर्सिंग शिकते. तिचं नाव हिवाळ्यात कॉलेजच्या शिबिरात नोंदलेलं, त्यामुळं ते यादीत शाबूत होतं. तिचं हे पहिलं मत.

"आले का मास्तर?" म्हातारी हसली. "पाहा बरं माहं नाव. पंधरावं मत हाये लोकसभेचं. सदुसष्टात हत्तीवर शिक्का मारला व्हता, तवापासून एक बी चुकवलं नाई."

सरांना राहवलं नाही. "सदुसष्ट! तवा तं माहा जनम बी नव्हता, माय," म्हणत त्यांनी कार्ड घेतलं आणि यादीवरून बोट खाली नेलं. बोट थांबलं. नावावर आडवा शिक्का होता, ‘डिलीटेड’. खाली वीस वर्षांपूर्वीचा काळपट फोटो, त्यावरून कुणी कुणाला ओळखू नये असा. केशरबाई तायडे म्हणजे ही माय, हे सरांना त्या क्षणी कळलं. कानशिलं तापली. उन्हाला अजून वेळ होता.

"काय झालं?" केशरबाईंनी विचारलं.

मागं चाळीस माणसं उभी होती आणि सगळ्यांचे कान इकडंच. "वरूनच कटलं, माय," सर म्हणाले. "कम्प्युटरमधून."

"कम्प्युटरनं कावून काटलं? म्या त्याचं काय घोडं मारलं?"

रांगेत कुणीतरी हसलं. केशरबाई हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी केंद्राध्यक्षांना विचारलं. त्यांनी नरमाईनं, पण नाहीच म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर केशरबाई नातीवर उखडल्या. "तुले म्हटलं व्हतं ना, मोबाईलमंदी नाव पाह्यून ठेव म्हनून? पाहते आजी, पाहते आजी! पाह्यलं का?" ज्योत्स्नाचं तोंड एवढंसं झालं. मग सरांकडं वळून केशरबाई म्हणाल्या, "तुमी तरी काय करसान मास्तर, तुमचा काय दोस," आणि एकट्याच घराकडं निघाल्या. पोरीनं आत जाऊन मत दिलं आणि शाईचं बोट ओढणीत लपवून ती आजीच्या मागं धावली.

तिथंच उठून खरं बोलायला काय झालं होतं? पण सर उठले नाहीत. दिवसभरात त्या अकरांतले आणखी सात जण आले. प्रत्येकाला सरांनी कम्प्युटरचंच सांगितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली होती, आठव्यांदा अडखळली नाही, आणि याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. दुपारी पाहणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. "सर, यादी एकदम स्वच्छ आहे तुमची. टक्केवारी पाहा!" नावं कमी झाली की टक्का थोडा वर सरकतोच, हे गणित सर मुलांना दरवर्षी शिकवतात. त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

सहाला मतदान आटोपलं. साडेसहाची गाडी आली तेव्हा सर फलाटावर होते. ते चढले नाहीत. गाडी गेली आणि सर पिशवी घेऊन नाल्यापलीकडं चालू लागले.

भीमनगर त्यांनी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. दारं सताड, अंगणात बाजा टाकलेल्या, कुठं भाकरीचा वास, कुठं टीव्हीवर मतदानाचे आकडे. जिकडं पाहावं तिकडं माणसं. दोघांनी "या सर" म्हटलं आणि सरांना मान वर करवेना. विचारत विचारत ते केशरबाईंच्या घरी पोचले. ज्योत्स्ना अंगणात बाजेवर बसली होती, डोळे सुजलेले. केशरबाई दारात शेंगा निवडत होत्या. दोघी सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या आणि पोरगी उपाशी होती, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

"माह्यामुळंच झालं, सर," ज्योत्स्ना उठून म्हणाली. "आजीनं कितीकदा सांगतलं व्हतं. म्या वेळेवर पाह्यलं असतं तं फारम भरता आला असता."

आपलं खोटं कुठं जाऊन पडलं ते सरांना आता दिसलं. "तुह्यामुळं नाई, पोरी," ते म्हणाले. "कम्प्युटरनं बी नाई. म्या कापलं. दोनदा आलो तं कुलूप व्हतं. तिसऱ्यांदा चिखल व्हता, म्या आलोच नाई. आलो म्हनून लिहून देल्लं."

केशरबाईंनी सरांकडं पाहिलंसुद्धा नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठल्या, बाजेवर नातीजवळ जाऊन बसल्या. "म्या तुले भलतंच बोलली वं माय. चुकली म्या. चाल, जेवून घे." पोरीनं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडून घेतलं. इतकं सोपं होतं ते. सरांना त्यासाठी सकाळपासूनचा अख्खा दिवस लागला होता.

मग केशरबाई सरांकडं वळल्या. "मास्तर, रोज तं पाहता मले फलाटावर. मंग म्या कोनत्या गावाले गेली व्हती?"

सर पिशवीत हात घालून म्हणाले, "फारम आनला हाये, माय. विधानसभेच्या आंदी नाव चढवून देतो."

"चढवा. पन हे तं गेलं ना. लोकसभेले आता पाच वर्सं. तवा म्या हावो का नाई, कोनाले मालूम." आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. "अजून कितीकाइचं केलं असं?"

"अकरा जनाइचं. तुमी धरून."

"त्याइले सांगतलं?"

"नाई."

ज्योत्स्नानं घरातून पेन आणून सरांपुढं धरला. केशरबाईंनी पायात चपला सरकवल्या, पदर खोचला आणि अंगणाबाहेर निघाल्या.

"मंग चला. म्या येते संगं. तुमाले घरं सापडनार नाईत."