देवरावभाऊंचा धावदोरा

देवरावभाऊ कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत. दारात चपला काढायच्या, "हाय काय कोणी घरी?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता थेट अंथरुणांच्या चळतीकडे जायचं. तिथून त्यांनीच कधीतरी दिलेली गोधडी ओढून काढायची, पालथी करायची आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत उभं राहायचं. एखादा टाका तुटलेला सापडला की शर्टाच्या खिशातून सुईदोरा निघे. तोवर चहा निवून गेलेला असे. तो तसाच गार पिऊन ते पुढच्या घराकडे वळत.

मी भद्रावतीला शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा भाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. सहा फूट उंची, जाड मिशा, आणि सगळा जन्म गर्दीवर ओरडण्यात गेल्यामुळे कमावलेला आवाज. असा माणूस ओसरीत मांडी घालून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून गोधडी शिवताना पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला हसू आवरलं नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, हासून राह्यल्या का खोकून राह्यल्या?" मी म्हटलं, खोकते आहे. "मंग हळद-दूध घ्या," म्हणाले आणि सुई पुढे चालू.

गोधड्यांची नावं ते एसटीच्या फेऱ्यांसारखी सांगत. गोंडपिपरीवाली, मार्कंड्यावाली, नागपूरवाली. जी ज्या गावी गेली, ती त्या गावची. रविवारी ते तिच्या तपासणीला जात, आणि दोनदा मीही त्यांच्यासोबत गेले. गोंडपिपरीला त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या अंगणात त्यांची गोधडी अंथरून तिच्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. मला वाटलं, आता या घराचं काही खरं नाही. पण भाऊ खूश. सोयाबीन बाजूला सारून त्यांनी कडेचे चार टाके घातले आणि ड्रायव्हरच्या बायकोला म्हणाले, "वापरा, खूप वापरा. फक्त उन्हातून लवकर उचलत जा, रंग मरते." नागपूरवालीचं दुःख मात्र त्यांना शेवटपर्यंत होतं. पुतण्याच्या बायकोने ती छान चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगली होती. आल्यावर दोन दिवस त्यांचा एकच प्रश्न: "मले सांगा बाई, भिंतीले थंडी वाजून राह्यली होती काय?"

हा नाद त्यांना लागला कसा, हे मला पलीकडच्या नसीमबाईंनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. भाऊंच्या बायको शांताबाई आणि नसीमबाई दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवायच्या. शांताबाई गेल्या त्या हिवाळ्यात त्यांची एक गोधडी अर्धवट होती. गोधडी कडेपासून धावदोऱ्याने शिवत आत जातात, चौकोनात चौकोन, आणि शेवट मधोमध येतो. शांताबाईंचा मधला दीड हात राहिला होता. अंगात ताप होता म्हणून कापडात सुई टोचून त्या उठल्या, चंद्रपूरच्या दवाखान्यात गेल्या, आणि परत आल्याच नाहीत.

तेराव्यानंतर नसीमबाई म्हणाल्या, "लाओ भाऊ, दोन दुपारचं काम हाय, मी पुरी करून देतो."

"नाई. मीच करीन," भाऊ म्हणाले.

"तुमी? सुई कोण्या बाजूनं धरतेत ते तरी मालूम हाय का?"

माहीत नव्हतंच. म्हणून त्यांनी ती गोधडी धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वर ठेवली, सुईसकट, आणि दुसरी शिवायला घेतली. हात बसला की मग तिला हात लावायचा, असं ठरवलं. पहिली गोधडी आपल्याच जुन्या खाकी गणवेशांची. कापड इतकं जाड की चार सुया मोडल्या. ती नसीमबाईंना दाखवली, तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "भाऊ, हे टाके नोय, हे तं एसटीचे थांबे हायत. एक इथी, दुसरा दोन कोसावर!"

भाऊंना राग नाही आला. त्यांनी दुसरी केली, मग तिसरी. मी शेजारी आले तेव्हा आठवी चालू होती. ज्या गोधड्यांचं आम्ही सगळे कौतुक करत होतो, त्या भाऊंच्या लेखी निव्वळ सराव होत्या. हे कळल्यावर मात्र मला पुन्हा कधी हसू आलं नाही. एखादी पुरी झाली की ते कपाटावरची गोधडी उतरवायचे, नवी तिच्या शेजारी ठेवायचे, दोन्हींवरून आळीपाळीने अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून नाई." मग नवी कुणाला तरी देऊन टाकायचे. मलाही एक मिळाली. तिच्या एका कोपऱ्यात टाके तिरके आहेत, कारण मी तेव्हा समोर बसून बडबडत होते. "हा कोपरा तुमचा," असं त्यांनी देताना बजावलं.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, विसावी-एकविसावी पुरी झाली असेल. नसीमबाईंनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "आता टाका बसते भाऊ. शांताच्या बाजूले बसते."

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी कपाटावरची गोधडी उतरवली. सुईला थोडा गंज धरला होता, तो त्यांनी राखेने घासून काढला. शांताबाईंनी ओवलेला दोरा वीतभर उरला होता. नसीमबाईंनी नवा दोरा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "तिचा दोरा तोडून मंधात गाठ काऊन मारू? तिनं कधी मंधात गाठ येऊ देल्ली नाई." तोच दोरा त्यांनी पुढे चालवला. तो संपत आल्यावर नवा दोरा त्याच्या शेपटावर चढवून अशा बेताने शिवला की गाठ म्हणून कुठे लागलीच नाही. रोज दुपारी फक्त एक फेरा. शाळेतून येताना मी डोकावले की हात वर करून थांबवायचे. अशा वेळी त्यांना बोलणं चालत नसे.

गोधडी पुरी झाली त्या दिवशी नसीमबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि आनंदाने म्हणाल्या, "खुदाकसम भाऊ, मले बी समजून नाई राह्यलं, शांता कुठी सरली अन् तुमी कुठी सुरू झाले!"

त्यांनी मनापासून शाबासकी दिली होती. भाऊंचा चेहरा मात्र उतरला. नसीमबाई गेल्यावर त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. त्या आवाजाने मी कणकेचे हात घेऊन तशीच धावले. ओसरीत गोधडी पालथी पसरलेली, आणि भाऊ गुडघ्यांवर बसून चौकोनांवरून बोट फिरवत होते. मोजायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, तिचे टाके कुठंवर हायत ते सापडून नाई राह्यलं."

मी म्हटलं, भाऊ, असंच तर हवं होतं ना तुम्हाला?

"हाव ना. तिच्यासारखं जमावं म्हणून इतके साल घातले. पण जमलं तं तीच हरपली ना त्यात. कपाटावर होती तवा सुईपाशी पाहिलं का समजे, इथंवर तिचं हाय. आता उसवत गेलो तं कुठी थांबू?" त्यांनी गोधडीची कड माझ्याकडे सरकवली. "तुमी चष्मा लावून पोट्ट्यायच्या वह्या तपासता. कोणं कोणाची नक्कल केली, ते तुमाले बरोबर वळखू येते. पाहा बरं."

मी हात पुसले आणि बसले. खरं सांगते, मला काही म्हणजे काही दिसलं नाही. एकसारखे टाके, तांदळाच्या दाण्यांएवढे, ओळीने आत आत गेलेले. पण भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या नजरेला "नाही सापडत" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी एका जागी बोट ठेवलं. म्हटलं, "हे इथं. इथवर शांताबाईंचं."

"पक्कं?"

"पक्कं."

मला बोट तिथून हलवू न देता त्यांनी सुईदोऱ्याचा डबा ओढला, लाल दोरा ओवला आणि त्या जागी एकच टाका घातला. मग तळहाताने ती जागा नीट केली आणि कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. त्यानंतर जो येईल त्याला ते तो लाल टाका दाखवायचे. "बाईनं शोधून देल्लं," असं अभिमानाने सांगायचे. त्या प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आयुष्यात मी मुलांच्या खोटेपणावर किती छड्या आपटल्या आहेत, आणि माझाच खोटेपणा असा लाल दोऱ्याने टाचला गेला होता.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. भाऊ आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी चंद्रपूरहून बसने भेटायला गेले. खाटेवर होते, फार वाळले होते, अंगावर तीच गोधडी. मी उशाशी बसले. मनात ठरवून गेले होते की आता खरं सांगून टाकायचं, पण शब्द काही जुळेनात.

भाऊंनीच डोळे उघडले. म्हणाले, "बाई, त्या रोजी तुमी चष्मा घरीच ठेवून आल्या होत्या."

मी खाली मान घातली.

"मले तवाच दिसलं होतं," ते म्हणाले. "राहू द्या. कोणीतरी सांगाले पायजे होतं."