सोनवणे सिस्टरांचा पेशंट

सोनवणे सिस्टर समोरच्याला नमस्कार करण्याआधी त्याचं मनगट धरायच्या. धुळ्याच्या आमच्या नर्सिंग शाळेत त्या जळगावहून शिकवायला आल्या, त्या दिवशी मी फाटकाजवळ स्टूल टाकून बसलो होतो. बाईंनी पिशवी खाली ठेवली, माझी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आबा, सकाळपासून दोन चहा झालेले दिसतात." मी शिपाई, चौथी पास, पण त्या शाळेची घंटा माझ्या हातात होती. मला असली सलगी आवडली नाही. चहा तीन झाले होते, ते मी सांगितलं नाही.

पेशंटला आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा, आणि त्यावरून आधी काय करायचं ते ठरवायचं, हा त्यांचा पाढा. तो मुलींपुरता ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. पण कॅन्टीनवाल्यालाही पोहे परतताना गाठायच्या. "चार पेशंट आहेत. एकाला ताप, एकाला धाप, एक रडतोय, एकाला घरी जायचंय. आधी कोणाकडे जाशील?" पोहे करपायचे. धापवाल्याकडे, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. तरी विचारायच्या.

परीक्षा जवळ आली की सरावाला पेशंट लागे. शाळेत एक रबरी बाहुला होता, पण तो बोलत नाही म्हणून बाईंनी मला पकडलं. दर मंगळवारी चपला काढून खाटेवर निजायचं. उजवीकडे, खाली, कालपासून पोटात दुखतंय, एवढंच सांगायचं. ज्या मुली मला बघून वर्गात पळायच्या, त्यांच्यासमोर मी आडवा. मी साफ नाही म्हटलं. बाईंनी उशी आणून ठेवली. नकार त्यांच्या कानात शिरतच नसे.

पहिली आली कविता. शिंदखेडा तालुक्यातली, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एकदा नापास झालेली. यंदा राहिली तर घरचे तिचं शिक्षण बंद करणार, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. हातातला छापील कागद वरून खाली वाचत तिनं मला विचारलं, कुठे दुखतंय का.

मी म्हटलं, "बठ्ठं बरं शे, बेटी."

तिनं लिहिलं, सगळं बरं आहे, दुखत नाही. बाई माझ्यावर उखडल्या. "आबा, तुम्हाला साधं आजारी पडता येत नाही? तुमच्यापायी पोरगी नापास व्हायची."

मी खाटेवर उठून बसलो. म्हटलं, "आमच्याकडचा म्हातारा नातीएवढ्या पोरीला पोटाचं दुखणं सांगतो होय? माझा बाप आमच्या गावी, नरडाण्याला, तीन दिवस पोट धरून बसला होता. जो विचारेल त्याला बरं शे म्हणत होता. चौथ्या दिवशी गेला. तुमच्या कागदावर त्याचंही दुखत नाही असंच लिहिलं असतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि तास संपला म्हणाल्या. तास अजून वीस मिनिटं होता.

पुढच्या मंगळवारी नवं फर्मान निघालं. मी बरंच आहे म्हणायचं, पण पोटाला हात लागला की आकसायचं. मुलींनी आधी गाव विचारायचं, कोणाचे कोण ते विचारायचं, मग भाकरी किती खाल्ली, कोणत्या कुशीवर निजलात. जणू ही अक्कल बाईंना जळगावातच सुचली होती. वर मी जास्त कण्हतो म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. कविताला शाळेच्या दवाखान्यातल्या वॉर्डातला खराखुरा पेशंट मिळाला, साक्रीकडचा म्हातारा. मी दारात पाण्याचा जग घेऊन उभा होतो. म्हातारा तिलाही बरं शे म्हणाला. मग तिनं गाव विचारलं, भाकरीचं विचारलं. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. तिनं पोटाला हात लावला, ते लाकडासारखं कडक. कागद तसाच खाटेवर टाकून ती वॉर्डच्या सिस्टरकडे धावली. डॉक्टर आले, आणि थोड्या वेळात म्हाताऱ्याला ऑपरेशनला नेलं.

परीक्षकांनी कागद उचलला. निम्मे रकाने कोरे. म्हणाले, नियमानं हिला पास करता येत नाही.

बाई हात जोडतील असं मला वाटलं. त्यांनी परीक्षकांना त्या रिकाम्या खाटेपाशी नेलं. "उरलेले रकाने भरायला हिला पेशंट आणून द्या, सर. आधी काय करायचं, ते हिनं केलंय."

परीक्षक चुरगळलेल्या चादरीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कविता आज शिरपूरला नोकरी करते. बाई निवृत्त होऊन जळगावला परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी तपासणीचा कागद नव्यानं छापून घेतला. मी बोट ठेवून वाचला. पहिलीच ओळ, पेशंटला गाव विचारा. दुखत नाही म्हणाला, तरी तेवढ्यावर थांबू नका. खाली बाईंची सही. माझं नाव कुठेच नव्हतं. कागद उलटूनही पाहिला.

याचा जाब विचारायला जळगावला जायचं मी पक्कं केलं होतं. कधी गुडघा आडवा आला, कधी बस चुकली. मागच्या महिन्यात कविताचा फोन आला, बाई गेल्या. अशी अर्धं भांडण टाकून जाते का कोणी बाई?